म्युझिकलची गायिका कॅबरेत गाते तेव्हा: समीक्षकांच्या पसंतीची पार्श्वभूमी

ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांतली, म्युझिकलची (संगीत नाटकांची) नाणावलेली गायिका शंभराच्या आत माणसं मावतील अशा खोलीत पियानोच्या साथीने तास-सव्वा तास गाते, म्हणजेच कॅबरे करते, आणि वर्तमानपत्रांत त्याचं परीक्षण नाटकाच्या परीक्षणाइतक्याच गांभीर्याने छापून येतं, हे न्यूयॉर्कमध्ये आता कुणाला नवल वाटण्यासारखं राहिलेलं नाही. पण समीक्षकांची ही पसंती फार जुनी नाही. नाइट क्लबातल्या गाण्याबद्दल पूर्वीही लिहिलं जाई, मात्र ते बहुतांशी करमणूक-धंद्याच्या नियतकालिकांत आणि बातमीवजा असे: गर्दी किती, पोशाख कसा, पुढच्या आठवड्यात कोण. त्या गाण्याला नाट्यकलेचा भाग मानून त्याचं मोजमाप करणं १९७०च्या दशकात नीट सुरू झालं. आणि ते मोजमाप पुरस्कारांच्या चौकटीत बसवायचं कसं, यावरून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जो घोळ झाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात. पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८८१मध्ये 'ल शा न्वार' सुरू झालं. तिथे कवी, चित्रकार आणि गाणारे एका छताखाली जमत. बर्लिनमध्ये हाच प्रकार १९०१मध्ये पोचला आणि पुढे राजकीय टवाळीकडे झुकला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्यामुळे तिथलं क्लबातलं गाणं बराच काळ चोरट्या दारूच्या सोबतीने वाढलं. कॅबरे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येणाऱ्या नाचाशी या लेखातल्या कॅबरेचा संबंध नाही. इथे गायिका, वादक आणि हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या दोन गोष्टींनी या प्रकाराचं कंबरडं मोडलं, आणि कॅबरेच्या इतिहासात त्यांना पुरेशी जागा मिळत नाही असं मला वाटतं. पहिली गोष्ट कराची. १९४४मध्ये अमेरिकी सरकारने क्लबातल्या बिलावर ३० टक्के कर लावला. त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आला, पण पूर्ण रद्द व्हायला १९६५ उजाडलं. नुसती वाद्यं वाजली तर कर नाही. कुणी गायलं किंवा नाचलं की कर. मालकांनी गायिकांना रजा दिली आणि वादकांचा छोटा संच ठेवला, यात आश्चर्य काय?

दुसरी गोष्ट परवान्याची. १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात काम करायचं तर पोलिसांकडून, बोटांचे ठसे देऊन, ओळखपत्र घ्यावं लागे. जॅझ गायिका बिली हॉलिडेला १९४७मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा झाली आणि तिचं ओळखपत्र गेलं. १६ मार्च १९४८ला ती सुटली, २७ मार्चला कार्नेगी हॉलमध्ये खच्चून भरलेल्या सभागृहापुढे गायली. पुढच्याच महिन्यात ब्रॉडवेच्या एका थिएटरातही तिचे खेळ झाले. अडीच-पावणेतीन हजार लोकांपुढे गायला मुभा. चाळीस टेबलांच्या खोलीत गायला बंदी. हॉलिडे म्युझिकलची गायिका नव्हे, पण तिचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

कर गेला, परवाना गेला, तोवर दूरचित्रवाणी आणि रॉकने श्रोते पळवले होते. १९७०च्या सुमारास मॅनहॅटनमध्ये नव्या छोट्या जागा उघडल्या, त्यांचा आश्रयदाता मुख्यतः समलिंगी पुरुषांचा श्रोतृवर्ग होता. जुनी म्युझिकल्स या मंडळींना तोंडपाठ. ब्रॉडवेने ज्यांना विसरून टाकलं होतं अशा गायिकांना त्यांनी हुडकून काढलं. समीक्षक मागाहून आले.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण बार्बरा कुकचं. १९५७च्या 'द म्युझिक मॅन'मधली ती मूळ नायिका, त्या कामासाठी टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळालेली. साठचं दशक संपता संपता कामं आटली, दारू वाढली, वजन वाढलं. हे तिने स्वतःच पुढे उघडपणे सांगितलं आहे. सत्तरच्या दशकात पियानोवादक वॉली हार्पर तिला भेटला. एका छोट्या क्लबातल्या गाण्यांनंतर जानेवारी १९७५मध्ये कार्नेगी हॉलचा कार्यक्रम झाला. तेव्हा ती ४७ वर्षांची होती. परीक्षणांचा सूर असा की ही जुन्या नटीची आठवण-मैफल नाही, ही नवी गायिका आहे. ज्या भूमिकेत तिला आता कुणी घेणार नव्हतं, त्या भूमिकेचं गाणं ती भूमिकेविना गात होती आणि ते जास्त खरं वाटत होतं. हार्परची साथ २००४मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. कुकची एक लकब अनेकांनी नोंदवली आहे: कार्यक्रमाच्या शेवटी ती मायक्रोफोन बाजूला ठेवी आणि अखेरचं गाणं उघड्या आवाजात म्हणे. ब्रॉडवेवर तोवर प्रत्येक नटाच्या आवाजामागे ध्वनिवर्धक उभा राहिला होता, त्यामुळे या साध्या कृतीचं वजन समीक्षकांना जाणवलं.

इथून दोन वेगळ्या मोजपट्ट्या तयार झाल्या. थिएटरात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, पात्र उभं राहिलं पाहिजे. खोलीत मात्र शब्द कसा टाकला, श्वास कुठे घेतला, दोन गाण्यांच्या मधलं बोलणं पाठ केलेलं वाटतं की सुचलेलं, हे पाहतात. थिएटरची सवय झालेली गायिका खोलीत आली की पहिला शेरा ठरलेला: आवाज खोलीला मोठा होतो. पॅटी लुपोनने तो शेराच उलटवला. ती नायिका असलेलं 'एव्हिटा' सप्टेंबर १९७९मध्ये ब्रॉडवेवर आलं. आठवडाभर ते थकवणारं काम करून ती शनिवारी रात्री बारा वाजता 'ले मूश' नावाच्या क्लबात गायला उभी राही. असे २७ आठवडे. तिथे ती आवाज लहान करायच्या भानगडीत पडली नाही, आणि नाटकात न दिसणारा तिचा खट्याळपणा लोकांना तिथे दिसला. त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण २००८मध्ये बाजारात आलं, तेव्हा परीक्षणं नव्याने लिहिली गेली.

आता पुरस्कारांकडे. एकटीने गायचा कार्यक्रम ब्रॉडवेच्या थिएटरात झाला तर तो कशात धरायचा? नाटक म्हणावं तर कथानक नाही, म्युझिकल म्हणावं तर पात्रं नाहीत. बराच काळ यावर सोपी तोड होती: खास टोनी. १९७४मध्ये तो बेट मिडलर आणि लायझा मिनेली यांना मिळाला. लीना हॉर्नचा एकटीचा कार्यक्रम मे १९८१मध्ये सुरू झाला, ३३३ खेळ चालला आणि ३० जून १९८२ला, तिच्या ६५व्या वाढदिवशी संपला. तिलाही खास टोनी मिळाला. स्पर्धा नाही, म्हणून वाद नाही. ज्येष्ठांना शाल-श्रीफळ द्यावं तशी ही सोय होती, पण तिने कुणाचा अपमान होत नसे.

२००१मध्ये टोनी देणाऱ्या मंडळींनी यासाठी स्पर्धेचा स्वतंत्र विभाग काढला. त्याचं नाव मराठीत 'सर्वोत्कृष्ट विशेष नाट्यप्रयोग' असं काहीसं होईल. हेतू चांगला होता: एकल कार्यक्रमांना योग्य मान मिळावा. प्रत्यक्षात जे कुठेच बसत नाही ते सगळं या एका खणात गेलं. पहिल्याच वर्षी तो पुरस्कार बँड आणि कवायतीच्या 'ब्लास्ट!' या कार्यक्रमाला मिळाला.

दुसऱ्या वर्षी, २००२मध्ये, विभागाची खरी कसोटी लागली. नामांकनं चार: एलेन स्ट्रिच, बी आर्थर, बार्बरा कुक आणि जॉन लेग्विझामो. पहिल्या तिघी म्युझिकलच्या रंगमंचावर नाव काढलेल्या. चौथा एकपात्री विनोदी नट. स्ट्रिचचा कार्यक्रम जवळून पाहण्यासारखा आहे, कारण विभागाची अडचण तिथेच उघडी पडते. ७७ वर्षांची बाई पांढरा शर्ट आणि काळे घट्ट मोजे घालून येते. रंगमंचावर एक उंच स्टूल, बाकी काही नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती एकीकडे ब्रॉडवेची बडी तारका एथेल मर्मनची बदली नटी होती आणि दुसरीकडे शेजारच्या राज्यातल्या न्यू हेवनला दुसऱ्या नाटकात एक गाणं करत होती. रोज संध्याकाळी मर्मनची तब्येत ठीक आहे ना हे पाहायचं आणि मग गाडी हाणत न्यू हेवन गाठायचं. हा किस्सा ती त्याच गाण्यात विणते: दोन ओळी गायच्या, थांबायचं, किस्सा पुढे सरकवायचा, पुन्हा पुढची ओळ. किस्सा आणि गाणं एकदमच संपतात. संहितेची बांधणी एका नावाजलेल्या नाट्यसमीक्षकाने केली होती. दिग्दर्शक होता, प्रकाशयोजना होती. हे नाटक नाही तर काय आहे?

पुरस्कार तिलाच मिळाला. त्याआधी चार वेळा नामांकन होऊन ती हात हलवत परतली होती. पण सन्मान झाला तो 'प्रयोगा'चा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रींच्या यादीत तिचं नाव आलंच नाही. वर, भाषण लांबलं म्हणून वाद्यवृंदाने संगीत सुरू करून तिला थांबवलं, आणि तिने आपली नाराजी लपवली नाही. प्रक्षेपणाचं वेळापत्रक असतं हे मान्य. तरी या विभागाला घरात किती मान होता, ते त्या मिनिटात दिसलं असं म्हणायला जागा आहे.

पुढची वर्षं विभागाच्या बाजूने साक्ष देत नाहीत. काही वर्षी पुरस्कार दिलाच गेला नाही. २००७मध्ये 'किकी अँड हर्ब' या अस्सल कॅबरे जोडीवर एका शब्दभ्रमकाराने मात केली. तो त्याच्या कलेत निष्णात असेलही, पण बाहुलीला बोलवणं आणि गाण्याचा अर्थ उलगडणं यांची तुलना परीक्षकांनी कोणत्या निकषावर केली असेल? २००९मध्ये तर लायझा मिनेलीसमोर एक राजकीय विडंबन, विदूषकांचा हिमवर्षावी खेळ आणि शाओलिनची युद्धकला असे प्रतिस्पर्धी होते. मिनेली जिंकली. तिच्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात केय थॉम्प्सन या तिच्या मानलेल्या आईचा चाळीसच्या दशकातला नाइट क्लबचा कार्यक्रम चार पुरुष साथीदारांसह पुन्हा उभा केला होता. म्हणजे कॅबरेचाच इतिहास रंगमंचावर आला होता. त्याच वर्षी विभाग बंद करण्यात आला.

बंद करण्याचं समर्थन करणारे सांगत की पात्र कार्यक्रमच पुरेसे नसतात. ते खोटं नव्हतं. पण विभाग गेल्यावर उरलं काय ते पाहा. २००२मध्ये बार्बरा कुक स्टीव्हन सॉन्डहाइमची गाणी एकटीने गायली, तर तो विशेष प्रयोग ठरला. २०१०मध्ये तीच कुक त्याच संगीतकाराची, वर्षानुवर्षं मैफलीत म्हटलेली गाणी एका संगीत-संकलनात इतर नटांबरोबर गायली, मध्ये पडद्यावर संगीतकाराच्या मुलाखती. आणि ८२व्या वर्षी तिला म्युझिकलमधल्या सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. गाणं तेच, गाणारी तीच. बदललं ते आजूबाजूचं सामान.

आणि मग २०१४. ब्रॉडवेची गायिका-अभिनेत्री ऑड्रा मॅकडॉनल्डने 'लेडी डे अॅट इमर्सन्स बार अँड ग्रिल'मध्ये बिली हॉलिडे उभी केली. काळ मार्च १९५९, मृत्यूच्या चार महिने आधी. स्थळ फिलाडेल्फियातला एक लहान बार. थिएटरात काही प्रेक्षकांना टेबलांवर बसवलं होतं. हॉलिडे गाते, पिते, बोलते, कोलमडते, पुन्हा गाते. ओळखपत्र हिरावलं गेल्याची जखमही त्या बोलण्यात आहे. डोळे मिटून ऐकलं तर हा कॅबरेचाच कार्यक्रम. पुरस्कारासाठी मात्र तो नाटक ठरला, आणि मॅकडॉनल्डला नाटकातल्या प्रमुख अभिनेत्रीचा टोनी मिळाला. तो तिचा सहावा. अभिनयाच्या चारही विभागांत जिंकलेली ती पहिली. काम त्या तोलाचं होतंच, त्यावर कुणी फारसं बोट ठेवलं नाही. तरी हिशेब असा होतो की दुसऱ्या गायिकेच्या रूपात बारमध्ये गायलं तर अभिनय, आणि स्वतःच्या नावाने गायलं तर निव्वळ 'प्रयोग'. स्ट्रिचने स्वतःचं पात्र उभं करताना केलेली मेहनत हॉलिडे उभी करण्याच्या मेहनतीपेक्षा कमी प्रतीची होती असं निदान मला तरी म्हणता येणार नाही.

आज अशा कार्यक्रमासाठी पुन्हा खास टोनीचाच आधार आहे. २०१८मध्ये रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला तो तसाच मिळाला. खोल्यांची अवस्थाही बदलली. अल्गॉन्क्विन हॉटेलातली ओक रूम ही कॅबरेची खोली १९८०पासून चालली आणि २०१२मध्ये बंद झाली. त्याच वर्षी स्टुडिओ ५४ या थिएटरच्या तळघरात '५४ बिलो' उघडलं आणि म्युझिकलची तरुण मंडळी तिकडे वळली. वर्तमानपत्रांनी मात्र अलीकडे कॅबरेच्या परीक्षणांची जागा आखडती घेतली आहे. कुकला किंवा स्ट्रिचला जशी वर्षानुवर्षं एकाच जाणत्या समीक्षकाची नजर मिळत गेली, तशी ती आजच्या गायिकांना मिळत नाही. त्यांच्या खोलीतल्या गाण्याची चर्चा होते ती बहुधा प्रेक्षकांनी फोनवर टिपलेल्या तुकड्यांवरून.