घरगुती थीम वाढदिवस

लहान मुलाचा वाढदिवस एखाद्या ठरावीक विषयाभोवती बेतून घरीच साजरा करण्याची, मुख्यतः शहरांत रूढ झालेली पद्धत. विषय जंगल, अवकाश, डायनासोर, जलपरी असा असतो किंवा टीव्हीवरचे एखादे पात्र असते. सजावट, केक, कपडे, खेळ आणि पाहुण्या मुलांना द्यायच्या भेटी या सगळ्यांना तोच धागा. हॉल घेऊन केलेल्या समारंभापेक्षा हे स्वस्त पडतेच असे नाही. वेळ, पाहुणे आणि गोंगाट मात्र आपल्या हातात राहतो.

मुलांच्या वाढदिवशी केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल जर्मनीत १८ व्या शतकापासून आढळते. आपल्याकडच्या वर्धापनविधीत तिथीनुसार मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे पूजन असे, आणि तीळ-गूळ घातलेले दूध प्यायला देत. त्यातले आज औक्षण तेवढे टिकले आहे. डायनासोरच्या कमानीखाली पाटावर बसवलेल्या मुलाला आजी कुंकू-अक्षता लावते, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळते, मग निरांजन. केकची पाळी त्यानंतर. ज्योत फुंकून विझवणे अशुभ मानणाऱ्या घरांत मेणबत्ती लावतच नाहीत.

एका विषयाला धरून मुलाचा सोहळा करणे मराठी घरांना तसे नवे नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या बोरन्हाणात सगळे ठरलेलेच असते: काळा झबला, हलव्याचे दागिने, मुकुट आणि बासरी, डोक्यावरून ओतायची बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, आणि ते वेचायला जमलेली आळीतली मुले. सजावट, पोशाख, खाऊ आणि खेळ यांची इतकी घट्ट सांगड आजच्या बहुतेक थीम पार्ट्यांत दिसत नाही.

विषय कोणी निवडायचा हे वयावर ठरते. पहिल्या वाढदिवसाची थीम ही खरे तर आईवडिलांची आणि फोटोंची. बाळाला त्यातले काही कळत नाही, उलट मुखवटा घातलेला काका दिसला की ते रडते. तीन वर्षांपुढे मूल स्वतः सांगते आणि महिन्याभरात तीनदा बदलते. म्हणून पात्रापेक्षा व्यापक विषय सोयीचा. ‘छोटा भीम’च हवा म्हटले की छापील सामानाशिवाय गत्यंतर नाही, पण ‘जंगल’ म्हटले तर घरातलेच बरेच काही कामाला येते. पडद्याच्या दांडीवरून हिरवी सुती साडी सोडावी, तिला घोटीव कागदाची पाने टाचणीने लावावीत, खाली घरातल्या कुंड्या आणि कापडी प्राणी मांडावेत. पाऊण तासात फोटोची भिंत तयार. भिंतीला थेट सेलोटेप लावला तर काढताना रंगाचे पोपडे निघतात, आणि भाड्याचे घर असेल तर ते घरमालकापर्यंत जाते. साधी हवा भरलेले रबरी फुगे आदल्या रात्री फुगवून ठेवता येतात. त्यासाठी हातपंप घ्यावा, तोंडाने पन्नास फुगे फुगवणे बापाच्या दमाचा अंत पाहते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि पुण्यात बोहरी आळीत हे सामान घाऊक भावात मिळते.

पाश्चात्त्य पालकांत मुलाचे वय अधिक एक इतकेच पाहुणे बोलवावेत असा एक ठोकताळा सांगितला जातो. सोसायटीत राहणाऱ्याला तो पाळणे अवघड: एका मजल्यावरचे मूल बोलावले की सगळा मजला येतो, धाकट्या भावंडांसह. वेळ मात्र आखता येतो. दुपारची झोप झाल्यावर, साधारण पाच ते सात. पहिली पंधरा-वीस मिनिटे येणाऱ्यांची वाट पाहण्यात जातात. तेवढ्यात मुखवटे रंगवायला बसवावे. मग दोनच खेळ, त्यातला एक ‘गाढवाला शेपटी लावा’च्या धर्तीवर. संगीत खुर्चीत चार वर्षांचे मूल बाद झाले की ते वाढदिवसभर रुसते, म्हणून कोणी बाद न होणारे खेळ बरे. केक लवकर कापावा. तो पुढ्यात असताना खेळाकडे कोणाचेही लक्ष नसते.

खाण्यात छोटे बटाटेवडे, इडल्या, सँडविच असे हातात धरून खाता येणारे जिन्नस चालतात. अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात; द्राक्षे उभी चिरून द्यावीत. फुटलेल्या रबरी फुग्याचे तुकडेही तसेच धोक्याचे, ते लगेच उचलावे लागतात. फेसाच्या स्प्रेमधला वायू सहसा ज्वलनशील असतो; पेटत्या मेणबत्तीजवळ तो उडवल्याने चेहरे भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियमऐवजी स्वस्त हायड्रोजन भरलेला असेल तर तो ठिणगीने पेटतो, म्हणून विकत घेताना विचारावे.

सजावटीला कायद्याचीही चौकट आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंत फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्मोकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक-पीव्हीसी बॅनर येतात. म्हणजे वाढदिवसाच्या बाजारातले बरेच जुने सामान. कागदी पताका, कापडी तोरणे आणि घरातल्या स्टीलच्या ताटल्या यांना यातून मोकळीक आहे. ताटल्या घासायला कोण, हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटतो.

पाहुण्या मुलांना निघताना द्यायच्या वस्तूला सर्रास ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतात. जंगलाच्या थीमला रोपाची छोटी कुंडी, अवकाशाच्या थीमला चमकणारे तारे असे काही विषयाला धरून देतात. वस्तू सगळ्यांना एकच द्यावी आणि एकाच रंगाची. दोन भावंडांना निळी आणि लाल पेटी दिली की दारातच भांडण जुंपते. आयत्या वेळी आलेल्या भावंडांसाठी तीन-चार जादा पिशव्या भरून ठेवलेल्या असतात.