शुगर-कोलेस्टेरॉलच्या रुग्णांसाठी आभा क्रमांक: कोणाला मिळतो, कागदपत्रं काय लागतात, रिपोर्ट कसे जोडायचे

मधुमेह असलेल्या माणसाच्या घरी एक पिशवी असतेच. तिच्यात पाच-सात वर्षांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एखादं डिस्चार्ज कार्ड आणि रेघ पुसट होत चाललेला ईसीजी कोंबलेला असतो. डॉक्टर विचारतात, "मागची एचबीएवनसी किती होती?" मग टेबलावर पिशवी उपडी होते, मागचे पेशंट दारातून डोकावू लागतात, आणि हवा तो कागद नेमका घरीच राहिलेला असतो.

आमच्या घरातली पिशवी सरळ करताना एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात मोलाचा कागद सगळ्यात आधी हरवतो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होण्यापूर्वीचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, हा तो कागद. गोळी सुरू केल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती उतरला त्यावर डोस ठरतो. आधीचा आकडाच नसेल तर किती उतरला हे सांगणार कसं? शुगरचंही तसंच. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते. एकच रिपोर्ट म्हणजे एक फोटो. आठ-दहा रिपोर्ट ओळीने लावले की कुठल्या औषधाने फरक पडला आणि कुठे घसरण सुरू झाली ते दिसतं.

हे कागद एका ठिकाणी आणायचा सरकारी मार्ग म्हणजे आभा, अर्थात आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. सुरुवातीला याला हेल्थ आयडी म्हणत, २०२२ मध्ये आभा हे नाव आलं.

आधी एक गोंधळ मिटवू

आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. आभावर एक रुपयाचेही उपचार मिळत नाहीत, तो फक्त तुमच्या आरोग्याच्या कागदपत्रांचा खातेक्रमांक आहे. "आभा काढा, ऑपरेशन फुकट होईल" असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर सरळ उठून निघा. आभा काढायला शुल्क नाही.

कोण काढू शकतं?

उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, आजार असलाच पाहिजे असंही नाही. भारतात राहणाऱ्या कोणालाही आभा काढता येतं. ते ऐच्छिक आहे. मिशनच्या २०२० च्या आरोग्य माहिती धोरणानुसार हा क्रमांक नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारता येत नाहीत. ओपीडीच्या खिडकीवर "आभा नसेल तर केस पेपर निघणार नाही" असं ऐकायला मिळालं, तर हे लक्षात असू द्या.

कागदपत्रं

आधार क्रमांक, आणि आधारला जोडलेला मोबाइल हातात. एवढंच. बहुतेकांचं घोडं अडतं ते या मोबाइलपाशी. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो आणि तो नंबर कधीच बंद पडलेला असतो. तसं असेल तर आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, किंवा मिशनशी जोडलेल्या रुग्णालयात बायोमेट्रिक पडताळणीची सोय असेल तर तिथून आभा काढून घ्या.

आधार द्यायचं नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. त्यात लायसन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो चढवावे लागतात, आधी नुसता नोंदणी क्रमांक मिळतो, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर पक्का आभा क्रमांक येतो. वेळखाऊ आहे, पण पर्याय आहे.

अर्ज कसा भरायचा

आभाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा आभा ॲपमध्ये नवीन आभा तयार करण्याचा पर्याय निवडा. आधार क्रमांक टाका, संमतीचा मजकूर वाचून खूण करा, आलेला ओटीपी भरा. पुढे संपर्काचा मोबाइल विचारतात. तो आधारच्या नंबरहून वेगळा असू शकतो, फक्त त्यावर आणखी एक ओटीपी येतो. आई-वडिलांचं आभा काढताना मुलगा किंवा मुलगी इथे स्वतःचा नंबर देऊ शकते. एका मोबाइलवर घरातल्या एकाहून जास्त जणांची आभा चालतात. ईमेल दिलाच पाहिजे असं नाही.

शेवटी १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि आभा पत्ता निवडायला सांगतात. हा पत्ता ईमेलसारखा दिसतो: तुम्ही निवडलेलं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग एबीडीएम. १४ आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून पत्ता लक्षात राहील असा सुटसुटीत ठेवा. त्यात जन्मतारीख मात्र घालू नका, हा पत्ता तुम्ही दहा ठिकाणी सांगणार आहात.

कदाचित तुमचं आभा आधीच तयार असेल. कोविडच्या लसीकरणावेळी ज्यांनी ओळखपत्र म्हणून आधार दाखवलं, त्यांच्यातल्या अनेकांचे क्रमांक तेव्हाच निघाले होते. तसं असेल तर ओटीपीनंतर जुनंच खातं समोर येतं. दुसरं काढायच्या खटपटीत पडू नका. सेतू किंवा ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुकानात गेलात तर ओटीपी स्वतः टाका, आणि तिथे पासवर्ड ठेवला असेल तर तो घरी आल्यावर बदलून घ्या.

खरं काम इथून पुढे

इथपर्यंत दहा मिनिटं लागतात. मग लोक कार्डाची प्रिंट काढतात, लॅमिनेशन करतात, आणि विषय संपला असं समजतात. लॅमिनेशनवाल्याचा धंदा होतो, पण खात्यात एकही रिपोर्ट आलेला नसतो. आभा ही रिकामी फाइल आहे, ती भरावी लागते.

ती कशी भरते हे समजून घेतलं की बराच त्रास वाचतो. सरकारच्या एखाद्या मोठ्या संगणकात सगळ्यांचे रिपोर्ट साठवलेत, असं होत नाही. रिपोर्ट ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाला, तिथेच राहतो. आभा फक्त त्यांची साखळी जोडतं आणि तुम्ही परवानगी दिलीत की कागद तुमच्या किंवा डॉक्टरांच्या पडद्यावर येतो. म्हणून पहिली अट अशी की ते रुग्णालय किंवा लॅब मिशनशी जोडलेली हवी. गल्लीतली लॅब नसेल जोडलेली, तर तिथला रिपोर्ट आपोआप येणार नाही.

यापुढे तपासणीला गेलात की नमुना देण्यापूर्वीच आभा पत्ता नोंदवायला सांगा. रिपोर्ट छापून झाल्यावर सांगितलंत तर बहुधा "पुढच्या वेळी करू" असं उत्तर मिळतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या नोंदणीपाशी क्यूआर कोड लावलेला असतो. तो आभा ॲपमधून स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट त्यांच्याकडे जातो आणि टोकन नंबर मिळतो. रांग वाचते, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या भेटीची नोंद तुमच्या आभाशी बांधली जाते.

जुन्या नोंदी जोडण्यासाठी ॲपमध्ये रुग्णालयाचं नाव शोधून नोंदी शोधण्याचा पर्याय द्यायचा. तेव्हा मोबाइल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जुळवून पाहतात. इथेच घोळ होतो. आधारवर "सुमन", केस पेपरवर "सुमनबाई". आधारवर जन्मवर्ष एक, रुग्णालयात घाईत सांगितलेलं वय भलतंच. मोबाइल नंबर तेव्हा सोबत आलेल्या भाच्याचा. अशा वेळी नोंद सापडत नाही आणि आपण ॲपला दोष देतो. रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात आधार दाखवून नाव, जन्मवर्ष आणि मोबाइल दुरुस्त करून घ्या, मग पुन्हा शोधा.

कागद सापडतच नसेल तर

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. साधा लेखी अर्ज पुरतो: रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख, आयपीडी क्रमांक (दाखल होताना मिळालेला), हवे असलेले कागद. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, त्याशिवाय ७२ तास कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही. नुसत्या ओपीडीच्या कागदांना ही ३ वर्षांची अट लागत नाही, त्यामुळे ते आपणच जपलेले बरे.

मिळालेल्या कागदांचे फोटो काढून सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये किंवा मिशनशी जोडलेल्या एखाद्या आरोग्य ॲपमध्ये चढवा. सगळी पिशवी स्कॅन करायला बसलात तर दुसऱ्या दिवशी कंटाळाल. गोळ्या सुरू होण्याआधीचा लिपिड प्रोफाइल, मधुमेहाचं निदान झालं तो पहिला रिपोर्ट, गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठीचं शेवटचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांच्या पडद्याची शेवटची तपासणी, सध्याच्या औषधांची चिठ्ठी आणि असेल तर डिस्चार्ज कार्ड. एवढं आधी.

फाइलला नाव देताना तारीख पुढे लिहा: वर्ष, महिना, मग तपासणी. आणखी एक टीप मला फार उपयोगी पडली. तेव्हा कोणती गोळी चालू होती ते रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून मग फोटो काढायचा. शुगर उपाशीपोटीची की जेवणानंतर दोन तासांची, हेही रिपोर्टवर स्पष्ट नसेल तर लिहा. १४० हा आकडा उपाशीपोटी चिंतेचा असतो, जेवणानंतर तसा नसतो. परदेशातून आलेला रिपोर्ट असेल तर एकक बघा. तिकडे बऱ्याच देशांत मिलिमोलमध्ये आकडे देतात. शुगरला १८ ने गुणलं की आपल्याकडचा आकडा मिळतो, कोलेस्टेरॉलला सुमारे ३८.७ ने.

रक्तक्षय असेल तर हिमोग्लोबिनचा रिपोर्टही सोबत ठेवा. लोहाची कमतरता असताना एचबीएवनसी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि नुसता तोच आकडा पाहून औषध वाढवलं जाण्याचा धोका राहतो.

घरच्या ग्लुकोमीटरचे किंवा दंडावर लावायच्या सेन्सरचे आकडे साधारणपणे त्या त्या कंपनीच्या ॲपमध्येच पडून राहतात. महिन्याकाठी त्यांची पीडीएफ काढून इथे चढवा. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने उतरतेय असं वाटलं तर बोटाला टोचूनच खात्री करा.

परवानगी देताना

डॉक्टरांनी तुमच्या नोंदी मागितल्या की ॲपवर विनंती येते. तिच्यात चार गोष्टी असतात: कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि परवानगी कधी संपणार. कारण सोडलं तर बाकीच्या तीन बदलता येतात. शुगरच्या डॉक्टरांना तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या मानसोपचाराच्या चिठ्ठ्या दाखवायची गरज नाही. रिपोर्ट आणि औषधं, गेली दोन-तीन वर्षं, एवढं पुरतं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. रिसेप्शनवर "इथे ओके करा" म्हणून कोणी तुमचा फोन हातात घेत असेल तर देऊ नका.

फोनच नसेल तर

वय ३० च्या पुढे असेल तर गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून नेतात तो याचाच भाग. तिथे आधार घेऊन गेलात तर आभा काढून देण्याबद्दलही विचारा. क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवला तरी काम भागतं, पुढच्या तपासणीला तो सांगता आला म्हणजे झालं.

अडचण आली तर १४४७७ हा टोल फ्री क्रमांक आहे. खातं नकोसं झालं तर ते तात्पुरतं बंद करता येतं किंवा कायमचं काढून टाकता येतं. पहिल्या प्रकारात पुन्हा चालू होतं, दुसऱ्यात नाही. खातं काढून टाकलं तरी रुग्णालयाने स्वतःकडे ठेवलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. आणि पिशवीतले मूळ कागद टाकायची घाई करू नका. विम्याच्या दाव्याला ते अजूनही मागतात.