मृत्युपत्रातलं कोडं : एका कथासाच्याची पार्श्वभूमी

गडगंज म्हातारा मरतो, मृत्युपत्र उघडलं जातं आणि आत निघतं एक कोडं. ते सोडवायला सरसावतात शाळकरी पोरं. ‘द इन्हेरिटन्स गेम्स’ (२०२०) हातात घेतलेल्या मुलांना हे नवं वाटतं, पण साचा बराच जुना आहे.

‘स्ट्रँड’ मासिकात १८९३ साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये घराण्यातला प्रत्येक वारस सज्ञान झाला की काही ठरलेली प्रश्नोत्तरं म्हणतो. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. तो लावतो घरातला बटलर! खानदानी गुपित आणि त्याचा माग काढणारा बाहेरचा माणूस, ही जोडी इथे तयारच दिसते.

मुलांच्या हाती हा खेळ खऱ्या अर्थानं दिला एलन रास्किननं, ‘द वेस्टिंग गेम’मध्ये (१९७८). त्यामागे एक खरी घटना होती. ५ एप्रिल १९७६ रोजी अमेरिकन अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज वारला. मूलबाळ नाही, ग्राह्य मृत्युपत्र नाही. मग सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन चर्चच्या मुख्यालयात एक हस्तलिखित मृत्युपत्र सापडलं. त्यात संपत्तीचा सोळावा हिस्सा युटामधल्या एका पेट्रोल पंपवाल्याच्या नावे! नेव्हाडाच्या वाळवंटात भेटलेल्या एका फाटक्या म्हाताऱ्याला आपण गाडीतून शहरात सोडलं होतं आणि तो स्वतःला ह्यूज म्हणवत होता, असं या गृहस्थाचं म्हणणं. १९७८ साली ज्यूरीनं ते मृत्युपत्र बनावट ठरवलं.

रास्किन लिहायला बसली ती याच गदारोळात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दीही १९७६ सालीच, म्हणून तिच्या कोड्यात एक देशभक्तिपर गीत आलं. तिच्या गोष्टीत वीस कोटी डॉलर आहेत आणि सोळा वारस. सोळावा हिस्सा, सोळा वारस. योगायोगही असेल, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही. त्या वारसांपैकी तेरा वर्षांची टर्टल पुढे काय करते ते सांगत नाही. पुस्तकाला बालसाहित्यासाठीचं १९७९ चं न्यूबेरी पदक मिळालं.

हे सारं जमतं ते कायद्यामुळे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बाप सज्ञान मुलांना पूर्ण वगळून परक्याला सारं देऊ शकतो. आपल्याकडे स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, पण हिंदू कायद्याच्या मिताक्षरा परंपरेत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच. मुलींना तो महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला. वाड्यातल्या म्हाताऱ्यानं सगळ्या इस्टेटीवर कोडं घालायचं ठरवलं असतं, तरी वारसांनी आधी वाटणीचा दावाच लावला असता.