एका गाडीचा उशीर दुसरीला कसा लागतो?

कोकण रेल्वेची गाडी थिवी स्थानकावर बराच वेळ उभी राहिली की प्रवासी पावसाला, नाहीतर चालकाला बोल लावतात. पुष्कळदा खरे कारण असते समोरून येणारी, अजून न दिसलेली गाडी.

रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गापैकी रोहा–वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकीचा बहुतेक मार्ग, गोव्यातला धरून, एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकातल्या लूप लाईनवर, म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूच्या जादा रुळावर, घेऊन दुसरीला वाट द्यावी लागते. यालाच क्रॉसिंग म्हणतात. समजा, मुंबईहून येणारी गाडी पेडण्याला वीस मिनिटे उशिरा पोचली. तिच्यासाठी थिवीला थांबलेली गाडी तेवढीच मागे पडते, पुढे सावंतवाडीला या थिवीहून निघालेल्या गाडीची वाट पाहणारी तिसरी गाडीही अडकते आणि मूळ गाडीने वेळापत्रकातल्या राखीव मिनिटांच्या जोरावर आपला उशीर भरून काढला, तरी तिने इतरांना दिलेला उशीर मार्गावर फिरतच राहतो. वेळ चुकलेल्या गाडीचेही हाल होतात, कारण वेळेवर धावणाऱ्या गाड्यांसाठी नियंत्रक बहुधा तिलाच बाजूला घेतो. ते बरोबरच आहे, पण आत बसलेल्याला हे कोण पटवणार? मार्गावर गाड्यांची दाटी झाली की मधली मोकळी मिनिटे संपतात, आणि मग गाड्यांची संख्या थोडी वाढली तरी उशीर कितीतरी पटींनी वाढतो.

पावसाळ्यातला संथपणा निराळा. तेव्हा वेळापत्रकच बदललेले असते आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की लोको पायलटने, म्हणजे चालकाने, वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवायचा असतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. दरड कोसळण्याचा धोका असलेल्या कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, हाच फरक मोलाचा ठरतो. अशा गाडीला उशिराची म्हणणे अन्यायाचे आहे.

बोगद्यांच्या या मुलखात दुहेरीकरण म्हणजे डोंगर पुन्हा पोखरणे. त्यामानाने दोन स्थानकांच्या मध्ये नवे क्रॉसिंग स्थानक उभारणे सोपे, कारण एकेरी मार्गावर किती गाड्या धावू शकतील हे पार करायला सर्वाधिक वेळ लागणाऱ्या टप्प्यावरून ठरते, आणि तो दुभागला की ताटकळणेही जवळपास निम्मे होते.