कनेक्टर गेलाय का वायरच गेलीय? आधी ते बघा, मग पट्ट्या उखडा

राऊटर खाली हॉलमध्ये, कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, आणि मधे जिन्याच्या कडेने नाहीतर गच्चीवरून ओढलेली निळी किंवा राखाडी लॅन वायर. धुळे, जळगाव, नंदुरबार कुठेही जा, दोन मजली घरात हे दिसतंच. नेट अडकायला लागलं की कोणीतरी सांगतं, "वायर खराब शे भो, बदली टाक." मग नवीन वायर आली, मजुरी आली, पट्ट्या उखडणं आलं, भिंतीचा रंग गेला. आणि बहुतेक वेळा मधली वायर चांगली ठणठणीत असते, गेलेला असतो तो टोकाचा पाच-दहा रुपयांचा आरजे-४५ कनेक्टर. म्हणून हे दोन फॉल्ट वेगळे ओळखता यायलाच पाहिजेत, लोकांचे उगाच पैसे जातात.

गोंधळ होतो कारण लक्षणं दोन्हीकडे एकसारखीच. नेट मधेच जातं परत येतं, नाहीतर प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर हलतच नाही. हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. लॅन वायरमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात पण १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, पिन १-२ आणि ३-६ वरच्या. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेही तुटली की लिंक, म्हणजे दोन टोकांमधली जोडणी, १०० वर उतरते आणि नेट चालूच राहतं, फक्त हळू. काही नेटवर्क कार्डांना असं खाली उतरणं जमत नाही, मग लिंक लागते तुटते लागते तुटते असं दिवसभर चालतं. विंडोज ११ मध्ये सेटिंगमधे इथरनेटवर गेलं की लिंक स्पीड दिसतो, तिथे १००/१०० आहे का १०००/१००० ते बघा. आणि राऊटरचा तो पोर्टच मुळात १०० वाला नाही ना हेही बघा, काही स्वस्त डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतो. डब्यावर एलओएसची (बाहेरून सिग्नलच येत नाही अशी) लाल लाईट लागली असेल तर विषयच वेगळा, तो फायबरचा फॉल्ट, तिथे ऑपरेटरलाच फोन करा.

आता कनेक्टर. तो काढून उजेडात धरा, प्लास्टिक पारदर्शक असतं, आत सगळं दिसतं. आठही तारा पुढच्या भिंतीला टेकलेल्या पाहिजेत, एखादी दोन मिलीमीटर मागे राहिली असेल तर तिच्यावर पितळी पात बसलेलीच नसते किंवा कशीबशी बसलेली असते. मग मागची बाजू बघा, वायरचं बाहेरचं कव्हर कनेक्टरच्या आत दाबपट्टीखाली गेलेलं पाहिजे. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी कव्हर बाहेरच संपतं आणि रंगीत तारा उघड्या लटकतात, म्हणजे टेबल सरकवलं, झाडू लागला की सगळा ताण त्या बारीक तारांवर. पुढची क्लिप तुटलेली असेल तरी तेच होतं, कनेक्टर पोर्टमधून हळूहळू मागे सरकतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीजवळ पात्यांवर हिरवट थर चढलेला दिसला तर तो कापूनच टाका. कनेक्टरजवळ वायर हलवली आणि पोर्टजवळची लिंकची लाईट गेली-आली तर फॉल्ट बहुतेक तिथेच आहे.

वायरचा फॉल्ट असा हलवून सापडत नाही कारण तो मधे कुठेतरी असतो. टोकं कितीही हलवा, फरक शून्य. तिथे वायरच्या वाटेने चालत जावं लागतं, हात फिरवत फिरवत. धान्याच्या कोठीच्या खोलीतून वायर गेली असेल तर पहिला संशय उंदरावर, कव्हर कुरतडलेलं बोटाला लगेच लागतं. मग दाराच्या फटीत चेंगरलेली जागा, कोपऱ्यात काटकोनात मोडलेली जागा, पट्टीचा खिळा आत घुसलेली जागा. आणि गच्ची! भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात घरात वापरायची साधी वायर टाकली की कव्हर कडक होतं, तडे जातात आणि मृगाचा पाऊस आला की पाणी आत. तापमानाने तारेचा सिग्नल थोडा कमी होतो हे खरंय पण घरातल्या २० मीटरला त्याने काही होत नाही, खरा मार कव्हरला बसतो. गच्चीवर काळ्या कव्हरची आउटडोअर केबलच टाका, यात काटकसर नको.

सगळ्यात जास्त फसवतो तो टेस्टर. एक ते आठ लाईट लागणारा साधा टेस्टर मिळतो, घ्याच, पण तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का एवढंच सांगतो. एखादी लाईट लागली नाही तर ती तार तुटली, पण कनेक्टरात तुटली का मधे ते त्याला कळत नाही. आणि आठही लाईट लागल्या तरी वायर चांगलीच असं नाही! कोणी तारा रंगाच्या जोडीने सरळ ओळीत लावतात, केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी, दोन्ही टोकांना तस्संच. टेस्टर म्हणतो ओके. पण ३ आणि ६ नंबर एकाच पिळातल्या तारा असायला पाहिजेत, इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या झाल्या, मग पिळाचा उपयोगच गेला आणि शेजारच्या जोडीचा सिग्नल यात घुसतो. लिंक लागते, पण पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळतात. बरोबर क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळसुद्धा १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उघडायचा नाही.

मग करायचं काय, तर आधी एक छोटी, चांगली चालणारी रेडिमेड वायर घ्या आणि लॅपटॉप थेट राऊटरला लावा. तिथे १००० आलं म्हणजे राऊटर आणि लॅपटॉप ठीक, दोष बहुतेक लांब वायरीत. आता तिचं एक टोक चार बोटं कापून नवीन कनेक्टर क्रिम्प करा, म्हणजे त्याच्या पकडीने दाबून बसवा (जुना परत वापरता येत नाही), मग बघा, नाही झालं तर दुसरं टोक. दोन्ही नवे करूनही टेस्टरची तीच लाईट बंद राहिली तर वायर मधेच तुटलीय, मग खुशाल बदला. कोणाकडे केबल टेस्टवाला मॅनेज्ड स्विच (सेटिंग करता येणारा, बऱ्याच पोर्टचा नेटवर्क डबा) असेल तर अजून सोपं, तो साधारण किती मीटरवर तार तुटलीय तेच दाखवतो, एका टोकाला एक मीटरच्या आत आकडा आला तर कनेक्टर, २० मीटरच्या वायरीत ११-१२ मीटर आला तर मधला फॉल्ट. तारा पिळून वरून काळी टेप मारलेला जोड कोणी सुचवला तर करू देऊ नका, गिगाबिटला तो त्रासच देतो.

कनेक्टर बदलल्यावर काही महिन्यांत परत तेच झालं तर तार सुरीने थोडी खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, सीसीए म्हणतात. बाहेरून अगदी तांब्यासारखीच दिसते, हातात मात्र हलकी लागते. दोन-चार वेळा वाकवली की तुटते, आणि कनेक्टरच्या पात्याखालीसुद्धा पकड हळूहळू ढिली होते. म्हणजे दिसायला कनेक्टरचा फॉल्ट, पण मूळ वायरीत, आणि इथे मी सरळ वायर बदला म्हणेन. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा नाहीतर गावातल्या दुकानात, फक्त "कॅट ६ द्या" (कॅट ५ई, कॅट ६ हे लॅन वायरचे दर्जे) म्हणू नका, "प्युअर कॉपर द्या" म्हणा आणि एक तार खरवडून बघूनच पैसे द्या. १ जीबीपीएसला १०० मीटरपर्यंत चांगली कॅट ५ई सुद्धा पुरते, ॲल्युमिनियमच्या कॅट ६ पेक्षा ती कधीही बरी.

जुनी वायर पाईपातून गेली असेल तर ती आधी ओढून काढू नका, नवीन तिच्याच टोकाला टेपने घट्ट बांधा, सोबत एक सुतळीही बांधा आणि मग ओढा. सुतळी पाईपातच राहू द्या आणि दोन्ही टोकांना हातभर वायर जास्तीची सोडा, पुढे कधी कनेक्टर कापायचा झाला तर लांबी कमी पडत नाही.