प्रोस्टेट कर्करोगावरील रेडिओलिगँड उपचार आणि त्याच्या चाचण्या

कर्करोगाच्या पेशीवरचे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सर्गी अणू जोडायचा आणि ते औषध शिरेतून द्यायचे, अशी ही उपचारपद्धती आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे प्रथिन म्हणजे पीएसएमए (प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन). सर्वाधिक वापरला जाणारा अणू ल्युटेशियम-177. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे 6.6 दिवस. त्याचे बीटा कण शरीरात फार तर 2 मिलिमीटर जातात, त्यामुळे मारा बहुतांशी गाठीपुरता राहतो. सोबत थोडे गॅमा किरणही निघत असल्याने औषध कुठे बसले ते कॅमेऱ्यावर दिसते. लाळग्रंथींतही औषध जमते आणि तोंड कोरडे पडते. ही रुग्णांची नेहमीची तक्रार.

उपचाराआधी पीएसएमए पेट स्कॅन करतात; पीएसएमए असलेल्या गाठी त्यात उजळून दिसतात. गाठी त्यावर उजळल्या नाहीत तर हे औषध देण्यात अर्थ नसतो.

या उपचाराची जवळजवळ सगळी साखळी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तुर्भ्यातील ध्रुव अणुभट्टीत (सुरुवात 1985) समृद्ध ल्युटेशियम-176 वर न्यूट्रॉनांचा मारा करून ल्युटेशियम-177 तयार होते. किरणोत्सर्गी औषधे पुरवणारे ‘ब्रिट’ (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) वाशीला आहे. परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारातले रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून अणुवैद्यकाचे काम करते. दर आठवड्याला जवळपास निम्मा होणारा हा माल साठवून ठेवता येत नाही. म्हणून अणुभट्टी आणि वॉर्ड एकाच शहरात असणे ही मोठीच सोय. ध्रुवमधल्या थेट पद्धतीत ल्युटेशियम-177एम हा 160 दिवस अर्धायुष्याचा घटकही किंचित तयार होतो आणि कचऱ्याची विल्हेवाट लावताना तो डोकेदुखी ठरतो.

औषधाला मान्यता मिळवून दिली ती ‘व्हिजन’ चाचणीने. हार्मोनविरोधी गोळ्या आणि टॅक्सेन वर्गातली केमो घेऊनही आजार वाढलेले 831 रुग्ण तिच्यात होते. दर 6 आठवड्यांनी 7.4 गिगाबेकरेल (किरणोत्सर्गाचे माप), असे 4 ते 6 डोस. 2021 मध्ये निकाल आले : मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) 11.3 महिन्यांवरून 15.3 महिने. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली.

मात्र हे आकडे वाचताना समोरच्या, म्हणजे ल्युटेशियम न मिळालेल्या नियंत्रण गटाला काय दिले होते ते आधी पाहावे. त्या गटाला नेहमीचे उपचार होते, पण केमो वगळलेली होती. शिवाय कोणाला ल्युटेशियम मिळते हे लपवलेले नव्हते. ते आपल्या वाट्याला आले नाही असे कळताच सुरुवातीच्या काळात नियंत्रण गटातले निम्म्याहून अधिक, 56 टक्के रुग्ण सोडून गेले. केंद्रांना आणि रुग्णांना नीट समजावल्यावर हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. शेवटच्या आशेने आलेल्या माणसाला चिठ्ठी टाकून उपचार ठरवायला सांगितले की असे होणारच. ऑस्ट्रेलियातल्या ‘थेरापी’ चाचणीने 200 रुग्णांत थेट कॅबाझिटॅक्सेल या केमोशीच तुलना केली, आणि ती अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. रक्तातले पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा माग दाखवणारे प्रथिन) निम्म्याने उतरलेले रुग्ण ल्युटेशियमच्या गटात 66 टक्के, केमोच्या गटात 37 टक्के. गंभीर दुष्परिणामही कमी. पुढच्या पाठपुराव्यात आयुर्मान मात्र दोन्हीकडे सारखेच निघाले.

‘व्हिजन’ची 84 केंद्रे उत्तर अमेरिका आणि युरोपातली होती. भारतातून प्रसिद्ध झालेले अनुभव बरेचसे एकेका केंद्रातल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले, तुलनेचा गट नसलेले आहेत. औषध घरचे असताना मोठी यादृच्छिक (चिठ्ठी टाकून गट ठरवणारी) चाचणी इथे उभी राहायला हवी होती. तशी ती करायची तर 2019 च्या नियमांनुसार औषध महानियंत्रकांची परवानगी, नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि राष्ट्रीय नोंदणी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र द्यावे लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते.

प्रत्यक्ष डोस काही मिनिटांत शिरेतून जातो. वेळ जातो तो नंतर. औषधाचा मोठा भाग लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून वॉर्डचे संडास वेगळ्या टाक्यांना जोडलेले असतात आणि तिथला किरणोत्सर्ग उतरेपर्यंत पाणी नाल्यात सोडत नाहीत. मीटरवरचा आकडा मर्यादेत आला की सुट्टी. घरी काही दिवस वेगळे झोपायचे, फ्लश दोनदा करायचा, लहान मुले आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचे. वन रूम किचनमध्ये सहा माणसे राहतात किंवा चाळीत संडास सामायिक आहे, तिथे या सूचनांचा कागद हातात देऊन भागत नाही. घरची माहिती आधीच विचारून घ्यावी लागते. बाहेरगावाहून आलेल्या, धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णाचा प्रश्न आणखी वेगळा.

आता चाचण्या आजाराच्या आधीच्या टप्प्याकडे सरकल्या आहेत. ‘पीएसएमएफोर’ने केमोआधी हा उपचार तपासला आणि 2025 मध्ये अमेरिकेत त्या टप्प्यासाठीही मान्यता मिळाली. नियंत्रण गटातल्या अनेकांना आजार वाढल्यावर ल्युटेशियम दिले गेल्याने आयुर्मानातला फरक मात्र तिच्यात स्पष्ट दिसला नाही. अल्फा कण सोडणाऱ्या ॲक्टिनियम-225 वरही काम सुरू आहे. त्याचा मारा अधिक जबर आणि पल्ला 0.1 मिलिमीटरहून कमी. पण तोंडाचा कोरडेपणा इतका वाढतो की काही रुग्ण त्यापायीच उपचार सोडतात.