२३ जण आणि १ जूनचे वाढदिवस

मुंबईतल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वाढदिवसांची यादी लावलेली दिसली, तर जूनचा रकाना जरूर वाचा. १ जूनसमोर चार-पाच नावं सहज सापडतील. शाळेत नाव घालताना आईवडिलांना मुलाची जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी वयाचा अंदाज बांधून १ जून लिहायचे. शाळा जूनमध्येच सुरू व्हायची, त्यामुळे वयाचा हिशेब सोपा जायचा.

ही मांडलेली तारीख सोडली, तरी २३ जणांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता ५०.७ टक्के असते. ५० जणांत ती ९७ टक्क्यांवर जाते. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, कारण तो मनातल्या मनात स्वतःच्या तारखेशी जुळणारा माणूस शोधतो. तसा एक तरी भेटण्याची शक्यता निम्म्यावर जायला दुसरी २५३ माणसं लागतात. इथे मात्र कुणाचंही कुणाशीही जुळलं तरी चालतं, आणि २३ जणांच्या जोड्याच २५३ होतात.

हिशेब उलट बाजूने करायचा. दुसऱ्याची तारीख पहिल्यापेक्षा वेगळी असण्याची शक्यता ३६४/३६५, तिसऱ्याची दोघांपेक्षा वेगळी असण्याची ३६३/३६५. असं ३४३/३६५ पर्यंत गुणत गेलं की कुणाचंच न जुळण्याची शक्यता ४९.३ टक्के उरते.

एवढं साधं गणित छापून यायला १९३९ उजाडलं. इंग्रज गणिती हॅरोल्ड डॅव्हनपोर्ट यांना ते १९२७च्या सुमारास सुचलं होतं, पण आधी कुणी सांगितलंच नसेल यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी श्रेय घेतलं नाही. गणिती रिचर्ड फॉन मिझेस यांनी या प्रकारच्या प्रश्नावर लेख लिहिला तो इस्तंबूलमध्ये. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना बर्लिन सोडावं लागलं होतं. परक्या शहरातही हा माणूस शक्यतेचा अभ्यास करत राहिला, याचं मला फार मोल वाटतं. पुढे १९७९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिडियन युवाल यांनी हेच गणित डिजिटल सह्यांच्या सुरक्षेला लावलं.

या सगळ्यात वर्षाचे ३६५ दिवस सारखेच धरलेले आहेत. काही तारखांना गर्दी असेल, तर जुळण्याची शक्यता वाढतेच. सरासरी दहात एक जण १ जूनचा आणि बाकीचे वर्षभर सारखे विखुरलेले धरले, तर २३ कशाला, १४ जण पुरतात.